अंध व्यक्तीला वाट दाखवणारा रोबोट कोल्हापुरात चालेल का?

वडिलांसाठी विचारताय म्हणून स्पष्ट सांगतो, महाद्वार रोडला आत्ता तरी नाही चालणार. परदेशात दोन यंत्रं गाजतायत, एक जपानमधली एआय सुटकेस, म्हणजे प्रवासी बॅगेसारखा दिसणारा, चाकांवर चालून वाट दाखवणारा रोबोट, चिएको असाकावा या स्वतः अंध असलेल्या शास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकारातून आलेली, आणि दुसरं ग्लाईड, त्याला दांडा आणि दोन चाकं, आपण ढकलायचं आणि ते स्वतः चाकं वळवून अडथळ्याच्या बाजूनं नेतं. दोन्ही भारी आहेत, पण चाकाला सपाट वाट लागते, आणि आपल्या फूटपाथवर लावलेल्या गाड्या, दुकानाच्या पाट्या, मध्येच उखडलेली फरशी, चाक अडकणारच की.

त्यापेक्षा आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन बघा, 2014 ला आली. पांढऱ्या काठीच्या मुठीला बसवायचं यंत्र आहे, अल्ट्रासोनिक लहरी सोडून 3 मीटरपर्यंतचा अडथळा ओळखतं आणि हातात थरथर जाणवते, अंतर कमी झालं की थरथर बदलते. खरा फायदा डोक्याच्या उंचीला होतो. उभ्या टेम्पोतून बाहेर आलेल्या सळ्या, दुकानाच्या ताडपत्रीचा बांबू, साधी काठी खालून निघून जाते आणि कपाळाला लागल्यावरच कळतं, ते इथं आधी कळतं.

पण खड्डा, उघडं गटार, पायरी हे काठीचं टोकच सांगणार, त्यामुळं काठी फिरवायचं ट्रेनिंग आधी घ्याच. सुरुवातीला रंकाळ्याच्या फिरायच्या वाटेवर कुणाला तरी सोबत घेऊन सवय करू द्या, मग बिंदू चौकाकडं न्या.