मेजर कॉम्प्युटर सायन्स आणि मायनर पब्लिक पॉलिसी असेल तर आधी कोणते कोर्स घ्यावेत?

आधी सूक्ष्म अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र उरकून घ्या. धोरण-विश्लेषणाचा कोर्स त्यानंतरच. बहुतेक जण उलटं करतात, कारण नावावरून तोच सोपा वाटतो. पण तिथे पहिल्याच आठवड्यांत साधारण असा प्रश्न येतो: बसभाडं २० टक्के कमी केलं तर उत्पन्नाचं काय होईल? मागणीची लवचिकता (भाडं एक टक्का बदललं की प्रवासी किती टक्के बदलतात) उणे ०.३ धरली, तर प्रवासी ६ टक्के वाढतात आणि उत्पन्न (०.८ × १.०६) सुमारे १५ टक्के घटतं. मग ही तूट कोण भरणार, आणि भाडं कमी करण्याऐवजी त्याच पैशात बस वाढवल्या तर? हा हिशेब येत नसेल तर उत्तर निबंध होऊन बसतं.

संख्याशास्त्रात रिग्रेशनपर्यंत (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मोजण्याची पद्धत) जाणं पुरेसं आहे. तुमच्या मेजरमुळे ते जड जाऊ नये. मार्क खरे जातात ते पॉलिसी मेमोत, म्हणजे निर्णय घेणाऱ्यासाठी लिहिलेल्या छोट्या टिपणात. दोन पानांत समस्या, पर्याय, निकष आणि शिफारस बसवायची असते, त्यातली पाऊण जागा पार्श्वभूमीच खाते आणि शेवटी ‘जनजागृती करावी’ एवढंच उरतं. शिफारशीत कोणता विभाग, कोणत्या अधिकारात, किती खर्चात हे काम करणार, ते हवं. चालू स्थिती तशीच ठेवणं हाही एक पर्याय म्हणून मांडावा लागतो, तो हमखास राहतो.

फक्त एक: संख्याशास्त्र मेजरमध्ये आधीच मोजलं असेल, तर अनेक ठिकाणी तेच क्रेडिट मायनरला धरत नाहीत. नोंदणीआधी विभागाकडून लेखी विचारून घ्या.