नाशिकजवळ काढलेल्या फोटोंवरून रानमाशीची जात ओळखता येते का?

कूळ बहुतेकदा ओळखता येतं, प्रजाती (जीनस) पुष्कळदा, पण नेमकी जात मोजक्याच माश्यांची. गंगापूर धरणाजवळ झेंडूवर हवेत स्थिर तरंगणारी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची जी माशी तुम्हाला मधमाशी वाटली, ती सिरफिडी कुळातली फुलमाशी आहे: पंख दोनच, मिशा आखूड. तुमच्या फोटोत तिच्या पोटाच्या नारिंगी खंडांवर एक जाड आणि एक बारीक काळी पट्टी दिसते, म्हणून ती एपिसिरफस प्रजातीची असावी. डोळ्यांवर ठिपके असते तर मी इरिस्टॅलिनस या दुसऱ्या प्रजातीकडे वळलो असतो.

मी याच परिसरात माश्यांचे फोटो काढतो आणि ओळख पटवायला जाणकार मित्रांची मदत घेतो. ते सगळ्यात आधी पंखातल्या शिरा बघतात, कारण माश्यांच्या वर्गीकरणाचा मोठा भाग त्यांवरच उभा आहे. त्यामुळे एकच सुंदर फोटो देण्यापेक्षा हे द्या:

- पंख पसरलेले असताना वरून
- बाजूनं, पाय दिसतील असा
- चेहरा समोरून (डोळे माथ्यावर जुळलेले असतील तर फुलमाशीत तो बहुधा नर)

सोबत तारीख, ठिकाण, झाडाचं नाव. कुणी नाव सांगितलं की कुठल्या खुणेवरून, हे जरूर विचारा. खरा जाणकार ते आनंदानं दाखवतो.

मात्र करड्या पट्ट्यांच्या मांसमाश्यांना फोटोवरून दिलेलं जातीचं नाव सहसा धरू नका. तिथे नराचे जननअवयव सूक्ष्मदर्शकाखालीच तपासावे लागतात.