अल्जीरियातलं टिमगाड हे रोमन शहर इतकं शाबूत कसं राहिलं?

मुख्य कारण दोन: वाळू, आणि नंतर तिथे कुणी नवं गाव वसवलं नाही.

सम्राट ट्राजानने इ.स. १०० च्या सुमारास ऑरेस डोंगरांच्या पायथ्याशी हे शहर वसवलं, निवृत्त सैनिकांना जमिनी देण्यासाठी. तेव्हाचं नाव थामुगाडी. कोऱ्या जागेवर वसवल्यामुळे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. वरून पाहिलं तर बुद्धिबळाचा पटच वाटतो. पुढे वस्ती वाढली तशी पटाबाहेरची घरं मात्र वेडीवाकडी पसरली.

पाचव्या शतकाच्या अखेरीस डोंगरातल्या बर्बर (उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांच्या) टोळ्यांनी शहर उद्ध्वस्त केलं. ५३९ मध्ये बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याचा) सेनापती सोलोमनने शेजारी किल्ला बांधला, तोही इथलेच दगड उचलून. अरबांच्या विजयानंतर वस्ती उठली आणि हळूहळू वाळूने सगळं झाकून टाकलं. १७६५ मध्ये स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस तिथे पोचला. फ्रेंचांचं उत्खनन सुरू झालं ते १८८१ मध्ये.

कमान, नाट्यगृह, स्नानगृहं हे सगळं आहेच. पण मला खरी ओढ वाटते ती ग्रंथालयाची. भिंतीत गुंडाळ्या ठेवायचे कोनाडे अजून दिसतात, आणि रोगाटियानस नावाच्या माणसाने त्यासाठी ४,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) दिल्याचं शिलालेख सांगतो. रस्त्यांच्या फरश्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत. चौकातल्या एका दगडावर कोरलंय: ‘शिकार, न्हाणं, खेळणं, हसणं, हेच जगणं.’

१९८२ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे.