पत्ते चांगले आले म्हणून जिंकला?

प्रश्न : आमच्या सोसायटीत गणपतीत रमीची स्पर्धा असते. एक डाव हरला की बाद. यंदा आठवड्यापूर्वी रमी शिकलेली मुलगी जिंकली, जुने खेळाडू रुसले. पत्त्यांच्या जागतिक स्पर्धांत नशिबाचं काय करतात? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मी तीस वर्षं ब्रिज (चौघांचा, दोन-दोन जोडीदारांचा पत्त्यांचा खेळ) खेळतोय, म्हणून तिथलं सांगतो. बर्म्युडा बाउल ही ब्रिजची जागतिक सांघिक स्पर्धा १९५० पासून चालू आहे. तिथे नशीब दोन्ही संघांना सारखं वाटून टाकतात. प्रत्येक संघाची एक जोडी एका टेबलावर, दुसरी दुसऱ्या. खेळताना पत्ता मध्ये फेकायचा नाही, आपल्यासमोरच पालथा ठेवायचा. डाव संपला की चौघांचे तेरा-तेरा पत्ते बोर्डाच्या (पत्ते ठेवायच्या चपट्या खोक्याच्या) चार खणांत परत जातात आणि तोच बोर्ड दुसऱ्या टेबलावर जातो. तिथे आमचे पत्ते प्रतिस्पर्ध्यांकडे आणि त्यांचे आमच्या दुसऱ्या जोडीकडे.

पहिल्याच स्पर्धेत मला एका डावात मोठ्या पत्त्यांचे २२ पॉइंट आले. चार इस्पिकची बोली (म्हणजे दहा हात करायची), व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे), बरोबर दहा हात, ६२० गुण. मी खुशीत! पलीकडे त्याच पत्त्यांवर प्रतिस्पर्धी तीन इस्पिकवर थांबले होते. हात दहाच, पण बोली लहान म्हणून मोठा बोनस नाही, गुण १७०. फरक ४५०, म्हणजे १० इम्प (फरकावरून कोष्टकाने ठरणारे सामन्याचे गुण). पत्त्यांचं श्रेय शून्य, बोलीचं दहा. हे इम्पचं कोष्टकही मुद्दाम आवळलेलं आहे : फरक ४००० झाला तरी २४च, म्हणजे एका डावावर सामना फिरत नाही.

रमीत हे जमत नाही. एकाने टाकलेला पत्ता उचलला की गड्डीतला पुढचा क्रम सगळ्यांचाच बदलतो. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं खरं, पण ते कौशल्य एका डावात दिसेल कसं? उपाय एकच, डाव वाढवा. मात्र डाव चौपट केले तर नशिबाचा वाटा निम्माच होतो, पाव नाही. म्हणून बाद फेरी अगदी शेवटी ठेवा. बर्म्युडा बाउलमध्येही आधी साखळी, मग वरचे आठ संघ बाद फेरीत. तुम्ही चार-चारांची टेबलं करा, सोळा डावांच्या गुणांची बेरीज करा, सगळ्यांत कमी गुणांचे दोघे पुढे. फेरीगणिक टेबलं बदला, नाहीतर शेजारी शेजाऱ्याला पत्ते पुरवतो (आमच्याकडे झालंय).

यंदाचं बक्षीस मात्र त्या मुलीचंच. नियम तुम्हीच केले होते. आणि सोळा डाव एका संध्याकाळी उरकत नाहीत. पहिली फेरी गणपतीच्या आधीच्या रविवारी घ्या.