जुन्या गाडीत फोन, नकाशा आणि वडिलांची गाणी: नवा स्टिरिओ घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: कळव्यातली दहा वर्षं जुनी हॅचबॅक, कंपनीचा डबल डिन (दुप्पट उंचीच्या खाचेत बसणारा) स्टिरिओ, त्यात यूएसबी आणि ऑक्स (हेडफोनसारख्या पिनेचं भोक) आहे पण ब्लूटूथ नाही. गाणी फोनवरून हवीत, रोज घोडबंदर रोडने जाताना नकाशा समोर हवा, आणि वडिलांची नाट्यगीतं-अभंग पेन ड्राइव्हवर व एका जुन्या आयपॉडमध्ये आहेत, तीही वाजायला हवीत. ऑक्सला ब्लूटूथ रिसीव्हर लावला तर स्पीकरमधून 'कुंईऽऽ' असा आवाज येतो. ठाण्यातला दुकानदार म्हणतो, स्टिरिओ गेलाय, नऊ इंची अँड्रॉइड प्लेअर टाका.

स्टिरिओ गेलेला नाही. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबून बघा. त्या आवाजाचा सूर इंजिनाबरोबर चढत असेल, तर तो ऑल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा आवाज आहे आणि दोन अर्थच्या (गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरींच्या) भांडणातून येतोय. रिसीव्हरला करंट १२ व्होल्टच्या सॉकेटमधून मिळतो, गाणं मात्र ऑक्समधून स्टिरिओत जातं. सॉकेटची अर्थ बॉडीला एका ठिकाणी, स्टिरिओची दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींमध्ये व्होल्टेजचा जरासा फरक असतो, तो ऑक्सच्या वायरवरून ऑडिओत शिरतो. खात्री करायची तर रिसीव्हर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा किंवा पॉवर बँकेला जोडा. आवाज बंद झाला की निदान पक्कं. उपाय म्हणजे ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर. काही शे रुपयांची डबी आहे, दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटरची जोडणी. अगदी स्वस्तातली घेतली तर तबल्याचा डग्गा थोडा पातळ वाजतो, म्हणून घेण्याआधी गाडीत लावून ऐका. पॉवर बँकेवरही आवाज तसाच राहिला तर मात्र स्टिरिओच्या मागची काळी, म्हणजे अर्थची वायर तपासायला हवी.

त्याच ऑक्समधला दुसरा नेहमीचा घोळ: वाद्यं ऐकू येतात, गायक गायब. पिन पूर्ण आत गेलेली नसते किंवा तिची अर्थ तुटलेली असते. मग स्पीकरला फक्त डाव्या-उजव्या आवाजातला फरक मिळतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्याने तो वजा होतो. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं असतील तर जवळजवळ सगळंच गाणं वजा होतं. फोनच्या जाड कव्हरमुळे पिन अडकणं हे याचं सगळ्यात साधं कारण. आवाजाची पातळी ठेवताना फोन ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि बाकी स्टिरिओवर वाढवा. उलट केलंत तर गाण्यापेक्षा खरखरच मोठी होते.

फोनचं गाणं रेडिओवर पाठवणाऱ्या एफएम ट्रान्समीटरच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१ असा पट्टा भरलेला आहे. ठाणे-नवी मुंबईत या स्टेशनांचा जोर इतका की तुमचा छोटा ट्रान्समीटर त्यांच्या मधल्या फटीत बुडतो. अगदीच गरज पडली तर ८७.५ ते ८८.५ च्या दरम्यान रिकामी जागा शोधा.

आता मोठा प्रश्न, नवा प्लेअर घ्यायचा का. दुकानात 'अँड्रॉइडवाला' म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबलेट: स्वतःची रॅम, स्वतःची ॲप, नकाशासाठी त्याला फोनचं हॉटस्पॉट द्यावं लागतं. दुसरा साधा स्टिरिओ, ज्यात अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले असतं. त्यात डोकं फोनचं चालतं आणि स्टिरिओ फक्त पडदा, स्पीकर व बटणं पुरवतो. कारप्ले २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये, आणि अँड्रॉइड १० पासून ते फोनमध्येच असतं, वेगळं टाकावं लागत नाही. माझं मत सरळ दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. फोन तुम्ही तीन-चार वर्षांनी बदलाल, त्याला अपडेट येत राहतील. दोन जीबी रॅमचा टॅबलेट पहिल्या वर्षीच नकाशा आणि गाणं एकत्र चालवताना धापा टाकतो, आणि त्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेला अँड्रॉइडचा आकडा खरा असेलच असं नाही. सोनी, पायोनियर, जेव्हीसी, केनवूड यांचे कारप्लेवाले डबल डिन मिळतात. सात इंच पुरतात. नऊ इंचाला तुमच्या मॉडेलची खास फ्रेम लागते, आणि ती बसल्यावर हॅझर्डचं बटण किंवा एसीची जाळी झाकली जात नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. बाजारात 'वायरलेस कारप्ले डोंगल' मिळतं, ते तुमच्या सध्याच्या स्टिरिओला लावून काहीही होणार नाही. ज्या गाडीत वायरचं कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो आधीपासून आहे, तिला ते बिनवायरचं करून देतं, इतकंच. नुसत्या यूएसबीत घातलं तर स्टिरिओ त्याला बिघडलेला पेन ड्राइव्ह समजतो.

प्लेअर बसवायचं ठरलं तर दुकानदाराला एकच अट घाला: वायर कापायची नाही, कपलर टू कपलर, म्हणजे प्लगला प्लग जोडायचं. तुमच्या मॉडेलचं हार्नेस (तयार वायरींचा जुडगा) मिळतं, एका टोकाला गाडीचा कपलर, दुसऱ्या टोकाला प्लेअरचा. कापून, पिळून, काळी टेप मारलेला जोड आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत सैल होतो. टेपचा चिकटपणा उन्हाने वितळतो, तांबं हिरवं पडतं आणि मग खड्ड्यात गाडी आदळली की एक स्पीकर बंद. विकताना जुना स्टिरिओ परत बसवायचा असेल तरी कपलरच कामाला येतो.

वायरींचे रंग माहीत असू द्या, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी कोणी गंडवणार नाही. बाहेरच्या प्लेअरमध्ये पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, लाल म्हणजे किल्लीबरोबर येणारा, काळी अर्थ. स्पीकरसाठी पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि याच रंगावर काळी रेघ असेल ती उणे. किल्ली बंद केली की दर वेळी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जात असतील, तर पिवळी चुकून लालबरोबर जोडली आहे. उलट दोन्ही बॅटरीला जोडल्या असतील तर प्लेअर कधी पूर्ण झोपतच नाही. काही गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन पिनांची जागाच अदलाबदल झालेली असते, म्हणून रंगावर विसंबू नका, मल्टीमीटर लावून बघा. निळी वायर अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला करंट देते. नवा प्लेअर बसवल्यावर एफएम अचानक अशक्त झालं तर बहुतेक वेळा हीच मोकळी लोंबकळत असते.

न झोपणाऱ्या प्लेअरचा हिशोब करून ठेवा. छोट्या हॅचबॅकला साधारण ३५ अँपिअर-अवर बॅटरी असते. गाडी बंद असताना २०० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला ४.८ अँपिअर-अवर गेले. म्हणजे आठवड्यात बॅटरी पूर्ण रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी, तीन-चार दिवसांतच कुरकुरायला लागतो. घरून काम करणाऱ्यांच्या गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सोमवार ते शुक्रवार हलत नाहीत, त्यांची तक्रार नेमकी हीच असते: नवा प्लेअर घेतल्यापासून बॅटरी टिकत नाही. मोजायला सोपं आहे. मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून बॅटरीचं उणं टर्मिनल आणि त्यावरून सोडवलेली वायर यांच्यामध्ये जोडा, दारं लावून गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा. २० ते ५० मिलिअँपिअर ठीक. त्याहून जास्त दिसलं तर प्लेअरचा फ्यूज काढा. आकडा खाली आला तर चोर सापडला. मीटर मध्ये असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. टॅबलेट प्रकारच्या प्लेअरमध्ये 'स्लीप' ऐवजी पूर्ण बंद होण्याची सेटिंग असते. ती निवडली तर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, पण बॅटरी वाचते.

स्टीअरिंगवर आवाजाची बटणं असतील तर ती मरू देऊ नका. साध्या गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टर असतो. प्लेअरच्या 'की वन', 'की टू' वायरी जोडून सेटिंगमध्ये एकेक बटण शिकवलं की चालतं. बटणांचे सिग्नल कॅन बसवरून (गाडीतल्या यंत्रणांना जोडणाऱ्या डेटाच्या वायरींवरून) येत असतील तर डिकोडरचा वेगळा डबा लागतो. तो हार्नेसबरोबर येतोय का, हे आधी विचारा.

कॉलसाठी बाहेरचा माइक घ्या आणि तो आरशाजवळ किंवा उजव्या खांबावर लावा. पडद्यामागच्या माइकला एसीचा वारा आणि स्पीकरचा आवाज दोन्ही ऐकू जातात, मग समोरचा म्हणतो 'तू विहिरीतून बोलतोयस का'.

वायरचं अँड्रॉइड ऑटो तुटत राहतं तेव्हा बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या वायरी नसतातच, त्यामुळे फोन चार्ज होतो पण पडदा येत नाही. डेटावाली, एक मीटरपेक्षा लहान केबल घ्या. मध्ये एक्स्टेन्शन किंवा हब नको. ग्लव्ह बॉक्सपर्यंत यूएसबी लांबवून मग तक्रार करणारे पुष्कळ आहेत. फोनच्या भोकात खिशातला कापूस दाबून बसलेला असतो, तो फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. मग फोनवर यूएसबीचा पर्याय 'फाइल ट्रान्सफर' आहे का बघा. तरीही जमलं नाही तर अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमधून आधी जोडलेल्या सगळ्या गाड्या विसरायला सांगा आणि फोन अनलॉक ठेवून नव्याने जोडा. आयफोनवर हेच 'जनरल' मधल्या 'कारप्ले' त असतं. तिथे सिरी सुरू लागते, आणि 'स्क्रीन टाइम' च्या निर्बंधांत कारप्ले बंद केलेलं नाही ना हेही तपासा.

बिनवायरमध्ये ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, खरं काम ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर चालतं. फोनमध्ये व्हीपीएन किंवा बॅटरी सेव्हर सुरू असेल तर जोडणी गळते. बॅटरी यात भराभर उतरते, म्हणून चार्जिंगची सोय हवीच. साध्या यूएसबीतून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, नकाशा सुरू असताना तेवढ्यात टक्केवारी खालीच जाते. १२ व्होल्टच्या सॉकेटचा चांगला चार्जर वापरा. मे महिन्यात काचेजवळच्या स्टँडवर फोन इतका तापतो की चार्जिंग स्वतःहून थांबतं. तो एसीच्या जाळीवर लावा.

नकाशाचं एक. माजिवडा, कापूरबावडीच्या उड्डाणपुलांखाली जीपीएसला वरचा रस्ता कोणता आणि खालचा कोणता हे कळत नाही, मग बाण भलत्याच रस्त्यावर उडी मारतो. नवा पडदा घेतला तरी हे जाणार नाही. प्लेअरची जीपीएस अँटेना मात्र डॅशबोर्डच्या वरच्या भागाखाली, सपाट बाजू आकाशाकडे करून चिकटवा. धातूच्या पट्टीखाली गेली की ती आंधळी होते.

वडिलांच्या गाण्यांसाठी काही विकत घ्यावं लागणार नाही. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, फॉरमॅट फॅट ३२. एक्सफॅट जुने स्टिरिओ वाचत नाहीत. देवनागरी नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात, कारण स्टिरिओत तो फाँटच नसतो. फाइलचं नाव आणि आतले टॅग दोन्ही रोमनमध्ये लिहा. बरेच जुने स्टिरिओ गाणी नावाच्या क्रमाने लावत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने लावतात. म्हणून फोल्डर रिकामा करून गाणी ०१, ०२ अशा क्रमाने एकेक कॉपी करा, सगळी एकदम ओढून टाकू नका. आयपॉड यूएसबीला ओळखला गेला तर उत्तम, नाहीतर हेडफोनच्या भोकातून ऑक्स कायमच चालतं. दुसरा कुठला म्युझिक प्लेअर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये एमटीपीऐवजी मास स्टोरेज निवडा, नाहीतर स्टिरिओला तो दिसतच नाही.

नवा प्लेअर घेतलाच तर 'पार्किंग ब्रेक'ची वायर हँडब्रेकलाच जोडून घ्या. दुकानात ती सरळ अर्थ करून देतात, म्हणजे गाडी चालतानाही व्हिडिओ दिसतो. २०२० च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या बदलानुसार गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता शोधण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता वापरता येतो. चालत्या गाडीत चालकासमोर सिनेमा याच्या आसपासही बसत नाही.

तुमच्या जागी मी क्रम असा ठेवेन: आधी आयसोलेटर, एसीच्या जाळीवरचा फोन स्टँड आणि माइकवाला ब्लूटूथ रिसीव्हर. महिनाभर चालवा. मोठ्या पडद्याची ओढ तरीही राहिली तर सात इंची कारप्लेवाला डबल डिन, हार्नेससकट. बिलावर मॉडेल नंबर, हार्नेस आणि वॉरंटी लिहून घ्या, आणि दुकानातून निघण्याआधी हॅझर्ड, हॉर्न, स्टीअरिंगची बटणं, चारही स्पीकर आणि एफएम तिथेच तपासा.