महागडा गेमिंग पीसी बांधला, आता बघतच राहावं असे गेम कुठले?

तू लिहिलंयस की सव्वादोन लाख घालून पीसी बांधला, ४०८० सुपर ग्राफिक्स कार्ड टाकलं, आणि तीन महिने झाले तरी त्यावर व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह एवढंच चालू आहे, घरचे विचारतायत एवढे पैसे गेले कुठे, तर असे गेम सांगा की नुसतं बघूनच पैसे वसूल वाटतील. भावा, मी पण याच्यातून गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हॅलोरंट मुळात साध्यातल्या साध्या पीसीवर पळावा म्हणूनच बनवलाय, त्यात तुझ्या कार्डाला काही कामच नाही. आणि जीटीए फाइव्ह पीसीवर आला २०१५ ला. फक्त एक कर, त्याची एन्हान्स्ड आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आलीय, रे ट्रेसिंगवाली (म्हणजे उजेड कसा पडतो याचा खरा हिशोब करणारी), ज्यांच्याकडे जुना आहे त्यांना फुकट मिळते, ती आज रात्री डाउनलोडला लाव.

पण गेम घ्यायच्या आधी मॉनिटर बघ. तू मॉनिटरबद्दल काहीच लिहिलं नाहीस आणि बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. मी पीसी असेंबल करून आणला तेव्हा दुकानातल्या पोराने सगळं जोडून दिलं, चालू करून दाखवलं, मी घरी आणला आणि दोन महिने खेळलो, आणि मग एकदा सहज सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं तर तिथे ६० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला साठदाच बदलतंय. मॉनिटर १६५ हर्ट्झचा! खालच्या यादीतून १६५ निवडलं, माऊस नुसता इकडून तिकडे हलवला तरी फरक दिसला. मित्राच्या पीसीत तर याहून वाईट, मॉनिटरची केबल कार्डात न लावता मदरबोर्डात लावलेली, म्हणजे महागाचं कार्ड आत नुसतं बसून आणि चित्र येतंय प्रोसेसरमधून. मागून वाकून बघ, केबल खाली आडव्या कार्डात गेली पाहिजे. आणि जर जुना २४ इंची १०८०पी मॉनिटरच वापरत असशील तर पुढचे दोन गेम घेऊ नकोस, तेच पैसे १४४०पी, म्हणजे जास्त बारीक चित्राच्या, मॉनिटरकडे वळव. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आता मुद्द्याचं. एवढ्या कार्डाची ताकद जाते कुठे? माझं मत विचारशील तर उजेडात. लाल साडी उन्हात वाळत घातली की शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर लालसर झाक येते ना, ती झाक. जुन्या गेममध्ये ती कलाकार आधीच ठरवून भिंतीवर चिकटवून ठेवायचे, साडी काढली तरी झाक तिथेच. पाथ ट्रेसिंगमध्ये (रे ट्रेसिंगचंच पूर्ण, जड रूप) कार्ड दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, हिशोब करतं की उजेड कुठून आला, कशावर आपटला, कुठला रंग घेऊन पुढे गेला. हे फार जड काम आहे आणि तू पैसे नेमके यासाठीच मोजलेत. त्यामुळे गेम शोधताना नुसतं 'बेस्ट ग्राफिक्स' असं शोधू नको, त्यात पाथ ट्रेसिंग आहे का ते बघ.

पहिला गेम अर्थातच सायबरपंक २०७७. डिसेंबर २०२० ला आला तेव्हा बग्समुळे फार बदनाम झाला, पण तो बनवणाऱ्या पोलंडच्या पोरांनी तो सोडला नाही, दुरुस्त करत राहिले, एप्रिल २०२३ मध्ये पाथ ट्रेसिंगचा ओव्हरड्राइव्ह मोड दिला आणि आज इतक्या वर्षांनंतरही पीसी दाखवायला मी हाच गेम लावतो. आता नीट ऐक, यात काय करायचं. कबुकी मार्केटला जा, रात्रीची वेळ कर (मेनूत स्किप टाइम आहे), पाऊस पडून गेलेला असेल तर सोन्याहून पिवळं. एका टपरीसमोर उभा राहा आणि काहीच करू नको. वर गुलाबी पाटी आहे, तिचा रंग काउंटरवरून खाली ओघळलाय, फरशीवर पाणी साचलंय त्यात पाटी उलटी दिसतेय, आणि काउंटरखाली जिथे उजेड पोचत नाही तिथे खरोखरचा अंधार आहे, राखाडी नाही. गणपतीत पाऊस येऊन गेल्यावर लक्ष्मी रोडला रोषणाई कशी ओल्या डांबरावर पसरते, अगदी तसं. मग तिथेच उभा राहून सेटिंग्जमध्ये जाऊन पाथ ट्रेसिंग बंद कर, बघ, परत चालू कर. घरच्यांना शेजारी बसवून हेच दाखव, त्यांना एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा दाखवून काही कळणार नाही, पण हा फरक कळतो.

सेटिंगचं म्हणशील तर डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करून कार्डाचा भार कमी करणारं) क्वालिटीवर ठेव, रे रिकन्स्ट्रक्शन (उजेडातला खरखरीतपणा साफ करणारं) चालू, आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवून भरणं) सगळ्यात शेवटी, तेही त्याशिवाय ५०-६० फ्रेम मिळत असतील तरच. तीसच्या फ्रेमवर फ्रेम जनरेशन लावलं तर आकडा मोठा दिसतो पण हात आणि चित्र यात अंतर पडतं, खेळताना चिखलात चालल्यासारखं होतं.

त्याच माळेतला दुसरा ॲलन वेक टू. फिनलंडच्या रेमेडीचा, ऑक्टोबर २०२३, पीसीवर फक्त एपिकच्या स्टोअरवर मिळतो. भीतीचा गेम आहे, संथ आहे, ज्याला सतत धडाधड लागतं त्याने घेऊ नये. पण रात्री खोलीतले दिवे बंद करून, हेडफोन लावून त्या जंगलात टॉर्च घेऊन शिरलास ना, की झाडांच्या सावल्या टॉर्चबरोबर सरकतात आणि प्रत्येक सावली माणूस वाटते. इथे ग्राफिक्स शोभेला नाहीत, भीती सगळी त्या उजेडातूनच येते, म्हणून तो मला सायबरपंकपेक्षाही जवळचा आहे.

इंडियाना जोन्सचा ग्रेट सर्कल पण बघ, डिसेंबर २०२४ चा. तो रे ट्रेसिंग नसलेल्या कार्डावर चालूच होत नाही, म्हणजे बनवणाऱ्यांनी जुन्या कार्डांचा विचारच सोडून दिला. १९३७ सालचं व्हॅटिकन, दगडी बोळ, हातात लायटर.

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण, रेड डेड रिडेम्प्शन टू. पीसीवर नोव्हेंबर २०१९ ला आला, त्यात रे ट्रेसिंग नावालाही नाही, तरी मी वर जे उजेडाचं पुराण लावलं ते ऐकून हा सोडू नको. सुरुवातीलाच बर्फ आहे, घोडा चालला की मागे बर्फात खरी वाट पडते, आणि पुढे खाली उतरल्यावर पहाटे झाडांतून उन्हाची तिरीप धुक्यात घुसते ती बघायला मी कित्येकदा घोडा थांबवलाय. इथे गडबड करायची नाही, फास्ट ट्रॅव्हल (एका क्षणात लांबच्या ठिकाणी पोचणं) तर अजिबात नाही. एमएसएए (कडा गुळगुळीत करायचं सेटिंग) बंद ठेव, तो उगाच अर्धी ताकद खातो. जवळपास १५० जीबीचा गेम आहे, १०० एमबीपीएसचं नेट असलं तरी साडेतीन तास धर.

ब्लॅक मिथ वुकाँग घ्यायच्या आधी स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) त्याचं बेंचमार्क टूल फुकट आहे ते चालवून बघ, तुझ्या पीसीवर कसा पळेल ते पैसे न देता कळतं. चीनमधल्या शान्सी प्रांतातली खरी मंदिरं, मूर्ती स्कॅन करून त्यात घेतल्यात, ते बघून मला राहून राहून वाटतं की वेरूळच्या कैलासावर असं कुणीतरी करावं. पण कठीण आहे, सोपा करायची सोय नाही, बॉसकडून शंभरदा मरायची तयारी ठेव. हेलब्लेड टू छोटा, शनिवार-रविवारात संपतो, आइसलंडचे दगड आणि माणसांचे चेहरे यासाठी एकदा जरूर. जुना पोर्टल असेल तर पोर्टल विथ आरटीएक्स फुकट आहे. आणि कुठलाही गेम स्टीमवर घेतला आणि मन बसलं नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात, तेवढ्यात ग्राफिक्स डोळ्यात भरतात की नाही ते कळतंच.

राहिला घरच्यांचा प्रश्न. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. २०२० चा असो की २०२४ चा, दोन्हीत अख्खी पृथ्वी आहे, सॅटेलाइटच्या फोटोंवरून केलेली, जमिनीचे चढउतार खरे. इमारती बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरने अंदाजाने उभ्या केल्यात, त्यामुळे आपली बिल्डिंग शोधायला गेलास तर भलतंच काहीतरी उभं दिसेल. डोंगर, धरणं, नद्या मात्र ओळखू येतात.

आमच्या आईचं माहेर भंडारदऱ्याच्या बाजूचं. ती माझ्या पीसीला 'ते खेळणं' म्हणायची, खोलीत झाडायला आली तरच यायची. एका रविवारी मी नाशिकच्या ओझर विमानतळावरून सेसना, छोटं विमान, उडवलं आणि तिला हाक मारली. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. पहिली दहा मिनिटं ती दारातच उभी होती, हातात झाडू. मग उजवीकडे कळसूबाई आली, तिने न विचारता ओळखली, चष्मा घेऊन आली आणि खुर्ची ओढून बसली. धरणावरून वळलो तेव्हा पाण्यावर उतरतं ऊन होतं, ती स्क्रीनला जवळजवळ बोट टेकवून म्हणाली तो शेंडीचा रस्ता, त्या वळणावर एसटी थांबायची. मग म्हणाली रंधा धबधबा दाखव. तो काही मला सापडला नाही, प्रवरेवर बराच खाली जाऊन दोन घिरट्या मारल्या, नुसता खडक. ती म्हणाली आत्ता पाणी कुठलं असायला, श्रावणात ने परत.

नेट चांगलं पाहिजे त्याला, सगळा नकाशा उडता उडताच डाउनलोड होत असतो. लाइव्ह वेदर चालू ठेव म्हणजे बाहेर जसं आभाळ तसंच आत. आणि पहिलं उड्डाण तुझ्या आईवडिलांच्या गावावरून कर.