रविवारी काका फॉर्म घेऊन येतील तेव्हा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "मावशी, काका खरं बोलतायत की नाही हे मी ओळखायचं कसं?" बाबांचे जुने मित्र, तुला लहानपणापासून ओळखणारे, आता रविवारी पॉलिसीचा फॉर्म घेऊन येणार. तेव्हा घाईत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

माणूस गोड बोलतो का, किती वर्षांच्या ओळखीचा आहे, यावरून काही ठरत नाही. एजंट म्हणून कंपनीची रीतसर नेमणूक असलीच पाहिजे, पण त्यावरून परीक्षा पास झाल्याचं कळतं, दानत कळत नाही. मी २२ वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली. तिथं मला एवढं पक्कं कळलं की एजंटचा खरेपणा प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसी मागताना भरायच्या अर्जावर उतरतो. त्याला तुझ्याबद्दलची एखादी अडचणीची गोष्ट सांग आणि ती तो लिहून घेतो का ते बघ.

एक बाई मला अजून आठवतात. नवरा जाऊन दीड महिना झाला होता. प्लास्टिकच्या पिशवीत पॉलिसीचा बाँड, मृत्यूचा दाखला आणि हॉस्पिटलचे कागद घेऊन आल्या. पॉलिसीला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. हॉस्पिटलच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं, सहा वर्षांपासून मधुमेह, इन्सुलिन चालू. आणि फॉर्मवर मधुमेहासमोर "नाही". सगळा फॉर्म इंग्रजीत, निळ्या शाईनं, एकाच वळणदार अक्षरात भरलेला. शेवटी सही तेवढी मराठीत, काळ्या शाईची, थरथरती. त्या सहीखाली छापलेलं होतं की फॉर्ममधला मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे, आणि त्याखाली आणखी एक सही, पुन्हा निळ्या शाईत.

बाई म्हणाल्या, "अहो, ह्यांनी सांगितलं होतं शुगर आहे म्हणून. एजंट म्हणाले, एवढं कशाला लिहायचं, उगाच तपासण्या मागे लागतील." क्लेम नामंजूर झाला. भरलेले हप्ते तेवढे परत मिळाले. एजंटला कुणी काही विचारलं नाही, कारण त्याच्या कानावर काय घातलं होतं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. बाई पिशवीची गाठ पुन्हा बांधत होत्या ते हात मला आजही दिसतात. माझ्या हातात असतं तर मी तो क्लेम दिला असता, पण माझ्यासमोरही तोच फॉर्म होता.

तुला कुणी सांगेल की तीन वर्षं निघाली की कंपनी काही विचारत नाही. ते खरं आहे. १९३८ च्या विमा कायद्यातल्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर आयुर्विमा पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. पण मरण तीन वर्षं थांबेल याची हमी त्या एजंटनं घेतलेली नसते. म्हणूनच "जुनी बंद करून ही नवी घ्या" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. नव्या पॉलिसीला ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, आणि एजंटचं पहिल्या वर्षाचं मोठं कमिशनही पुन्हा सुरू होतं. आरोग्य विम्यातही तसंच. आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. चालू पॉलिसी पोर्ट केली, म्हणजे न मोडता दुसऱ्या कंपनीकडे नेली, तर झालेले महिने धरतात, सोडून नवी घेतली तर ते गेले.

आता पैशांचं. काका तुला म्हणाले ना, वर्षाला ५०,००० दहा वर्षं भर, विसाव्या वर्षी १० लाख, पैसे दुप्पट? त्यात खोटं काही नाही. पण दुप्पट व्हायला किती वर्षं लागली ते त्या वाक्यात नाही. हिशेब करून बघ, वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतात. त्यांना सरळ विचार, "काका, टक्क्यात किती पडतं?" जो माणूस "साडेचार पडेल, पण सोबत विम्याचं संरक्षण आहे, आणि फक्त संरक्षण हवं असेल तर मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी टर्म पॉलिसी घे, ती स्वस्त पडते" असं म्हणेल, त्याच्याकडून पॉलिसी घ्यायला माझी हरकत नाही. असे एजंट मी पाहिलेत. त्यातले एक क्लेमच्या वेळी स्वतः कुटुंबाला घेऊन शाखेत यायचे आणि काम होईपर्यंत बाकावर बसून राहायचे. बोनसवाल्या पॉलिसीत पुढं किती मिळू शकतं हे दाखवणाऱ्या तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के परतावा धरून असे दोन रकाने असतात. बोट फक्त आठच्या रकान्यावर फिरत असेल तर चारचा रकाना तू मोठ्यानं वाच.

कमिशन किती मिळतं हेही विचार. कमिशन घेण्यात गैर काही नाही, ती त्यांची मेहनत आहे. पण "पहिल्या हप्त्यातले थोडे मी परत देतो" म्हणाले तर नको म्हण. त्याच विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणंही गुन्हा आणि घेणंही, दंड १० लाखांपर्यंत. मार्च आणि करबचतीचं म्हणशील तर तू नव्या करप्रणालीत आहेस, तिथं विम्याच्या हप्त्यावरची वजावटच नाही. काकांनी तुला हे विचारलं तरी का?

फॉर्म भरताना मोबाइल त्यांच्या हातात देऊ नकोस आणि न वाचता ओटीपी सांगू नकोस. "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हण," असं कुणी म्हणालं तर तिथंच थांब. तुला सगळं नीट सांगितलंय ना हे तपासायला तो फोन असतो, तो तुझ्यासाठीच. पुढं बाँड आला की सोबत तुझ्या फॉर्मची प्रत येते. बाकी काही नाही वाचलंस तरी ती वाच. चूक दिसली किंवा पॉलिसी पटली नाही तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ रक्कम कापून हप्ता परत मिळतो.

काकांना वाईट वाटेल ही तुझी भीती मला समजते. आपल्या घरांत निम्म्या पॉलिसी अशा भिडेपोटीच घेतल्या जातात. तू फक्त म्हण, "काका, फॉर्म मी ठेवून घेते, आठ दिवसांत भरून देते." खऱ्या माणसाला आठ दिवस जड जात नाहीत.

रविवारी चहा झाला की आधी थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली टेबलावर ठेव आणि मावशीला मधुमेह आहे, आजोबा हार्ट अटॅकनं गेले, हेही सांग. मग काही न बोलता त्यांच्या पेनाकडे बघ. संध्याकाळी मला फोन कर, साडेआठनंतर मी मोकळी असते.

तुझी,
मावशी